मी, मापाड्याच्या गळ्याची काच

अहो, जरा जपून! मधोमध बोट लावू नका, ठसा उमटतो. कडेला चिमटीत धरा. हां, असं. आता मला खिडकीच्या उजेडात धरा आणि निवांत ऐका. मी एक काचपट्टी बोलतेय. दवाखान्यातली माणसं मला स्लाइड म्हणतात. तीन इंच लांब, एक इंच रुंद, अंगानं नखाएवढी जाड. माझ्या पोटाशी तो फिकट गुलाबी ठिपका दिसतोय ना, हरभऱ्याच्या डाळीएवढा? त्याला डाग म्हणू नका, मला राग येतो. तो पुंजाराम मापाड्याच्या गळ्याचा तुकडा आहे.

चव्वेचाळीस वर्षं झाली, तो माझ्याजवळ आहे. मी जे सांगायला पाहिजे होतं ते वेळेवर सांगितलं नाही, म्हणून आता सगळं सांगून मोकळी होतेय.

कारखान्यातून निघाले तेव्हा आम्ही पन्नास बहिणी होतो, एका पुठ्ठ्याच्या डबीत अंगाला अंग लावून. कुणाच्या वाट्याला काय येईल याचीच आमच्यात कुजबुज चालायची. रक्ताचा थेंब आला तर दोन दिवसांची पाहुणी, मग धुऊन परत रांगेत. थुंकी आली तर विचारूच नका, त्या बिचाऱ्यांना उकळून काढायचे, त्यांचे हाल कुत्रं खात नव्हतं. पण माणसाच्या अंगाचा तुकडा आला, तर त्या काचेला कुणी धूत नाही. तिच्यावर नंबर कोरतात आणि जपून ठेवतात. माझ्यावर तुकडा आला तेव्हा मला वाटलं, चला, आपण नशीब काढलं!

हे औरंगाबादेतलं. आता शहराचं नाव बदललंय, पण तेव्हा तेच होतं. साल एक्क्याऐंशी. एका दवाखान्याच्या मागल्या अंगाला, सायकल स्टँडला चिकटून एक खोली होती. तिला एकच खिडकी, गजाची. गजातून दिसायच्या त्या सायकली आणि त्यांच्या घंट्या. पेशंट पुढच्या दारानं यायचे आणि पुढच्याच दारानं जायचे. मागं अशी एखादी खोली आहे, तिथं कुणी बसतं, हे कित्येकांच्या गावीही नसायचं.

त्या खोलीत उमाबाई बसायच्या. पोलीस ॲक्शनच्या साली जन्मलेल्या. वडील निजामाच्या कचेरीत कारकून, घरात उर्दू आणि मोडी दोन्ही चालायचं. मुलीनं मात्र डॉक्टरकी केली, आणि डॉक्टरकीतही अशी जात निवडली की जिला पेशंटचं तोंड दिसत नाही. बाटलीत तुकडा येतो, चिठ्ठी येते. तुकड्याचा काप काचेवर चढतो, मग ह्या बाई मायक्रोस्कोपला डोळा लावतात आणि सांगतात, हा रोग कोणता. वरच्या डॉक्टरांना कागद जातो. पेशंट वरच्या डॉक्टरांच्या पाया पडतो. खालच्या बाईंना कोण ओळखणार?

लग्न केलं नव्हतं. घरी आई, यमुनाबाई, त्याही अंथरुणाला खिळलेल्या. दुपारी उमाबाई डबा उघडायच्या आणि खिडकीकडं पाठ करून एकट्या जेवायच्या. कधी कधी आमच्याशीच बोलायच्या. "बघू गं, तुझ्यात काय दडलंय," असं म्हणत एकेका बहिणीला भिंगाखाली सरकवायच्या. माणसांशी बोलताना त्यांचा आवाज घाबरल्यासारखा व्हायचा, काचांशी बोलताना मोकळा. मला तेव्हा गंमत वाटायची. आता नाही वाटत.

त्यांच्या हाताखाली सांडू. तुकडा मेणात बसवायचा, मेणाच्या ठोकळ्याचे केसाहून बारीक काप काढायचे, ते कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायचे, मग निळा आणि गुलाबी रंग द्यायचा, हे सगळं सांडूचं काम. माणूस मोठा नेटका. तुकड्याची जी बाजू सगळ्यात रुंद, ती तळाशी लावून तो असा चापून-चोपून बसवायचा की पहिल्याच कापात अख्खा तुकडा काचेवर यावा. "सांडूचे ठोकळे म्हणजे बघत राहावं," असं उमाबाई आम्हा काचांना ऐकवायच्या. सांडू लाजून मान खाली घालायचा, पण मनातून फुगायचा.

आणि त्या नेटकेपणानंच घात केला.

जूनमधली गोष्ट. एका छोट्या बाटलीत पांढुरका, खरबरीत तुकडा आला. चिठ्ठीवर लिहिलेलं: पुंजाराम, वय पन्नास, लासूर स्टेशन. घसा. बस्स. घशात कुठं, किती दिवसांचं, वरून कसं दिसतं, काही नाही. नुसतं 'घसा'. वरचे डॉक्टर सदाशिवराव कान-नाक-घशाचे, हात मोठा कसबी, पण शाई वाचवायचे. आणि उमाबाई विचारायच्या नाहीत. वरून चिठ्ठी खाली येते, खालून कागद वर जातो, मधे कुणी कुणाशी बोलत नाही. त्या दवाखान्याची रीतच तशी होती.

सांडूनं तुकडा नेहमीसारखा आडवा, छान पसरून मेणात बसवला. काप निघाला. तो माझ्यावर चढला. रंग दिला, वरून पातळ काचेचं झाकण चिकटवलं, हिरकणीच्या लेखणीनं माझ्या कडेला ४१२ कोरलं. मी नटूनथटून उमाबाईंच्या पुढ्यात गेले.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. कर्करोगाच्या पेशी कशा असतात म्हणाल तर बेशिस्त. कुणी फुगलेली, कुणी काळीठिक्कर, रांग सोडून भलतीकडं घुसलेली. माझ्यावरच्या पेशी एकेक शहाणी. सगळ्यांचं अंग सारखं, सगळ्या आपापल्या जागी. थर जाड होता, एवढंच. उमाबाईंनी सुस्कारा सोडला, लेखणी उचलली आणि लिहिलं: साधी वाढ. कर्करोग नाही.

मला काय आनंद झाला सांगू! एक माणूस वाचला आणि तो निरोप माझ्या तोंडून गेला. मग मला लाकडी कपाटाच्या खणात उभी केली. खण बंद झाला. अंधार झाला.

आठ महिने मी त्या अंधारात होते. शेजारी ४११ आणि ४१३, दोघीही आपापल्या माणसाचा तुकडा पोटाशी धरून गप्प. खणात कुणी कुणाशी बोलत नाही. प्रत्येकीला वाटतं, आपलं काम संपलं.

फेब्रुवारीत एका सकाळी खिडकीच्या गजापाशी दोन माणसं येऊन उभी राहिली. मी खणात होते, पण खणाची फट खिडकीकडं होती, त्यामुळं दिसलंही आणि ऐकूही आलं सगळं. एक बाई, भरघोस आवाजाची. तिच्यामागं उंच पुरुष, उपरणं गळ्याला गुंडाळलेलं.

"तुमीच का त्या?" बाईनं विचारलं.

उमाबाई दचकल्या. "कोण त्या?"

"कर्करोग नाय असं लिव्हणाऱ्या."

"हो, मीच लिहिते. पण पेशंटनं इथं यायचं नसतं. वर डॉक्टरांना भेटा."

"त्यांलाच भेटून आलो. ते म्हनतेत, बाईचा कागद साफ हाय, मी काय करू? गुळण्या करा, वरडू नका. आठ महिने झाले, गुळण्या करू करू तांब्या झिजला. म्हणून म्हणलं, ज्या बाईनं लिव्हलं तिलाच ईचारावं."

नऊ वर्षांत त्या खिडकीशी पहिल्यांदाच कुणी पेशंट आला होता. उमाबाईंनी लेखणी खाली ठेवली. "बसा ना," असं म्हणाल्या, पण बाहेर बसायला सायकलींशिवाय काही नव्हतं.

ही भागूबाई, पुंजारामांची बायको. तिनं उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. पुंजाराम लासूरच्या बाजारात मापाडी. धान्याची रास पडली की मापाडी माप भरतो आणि दर मापाला आकडा पुकारतो. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. मापाड्यानं 'लाभ' पुकारलं की पोतं धरणाऱ्यानं 'दोन' म्हणून साथ द्यायची, मग मापाड्यानं 'तीन'. असं दोघांत माप पुढं जातं. काटे आले, वजनं आली, पण लासूरच्या जुन्या शेतकऱ्यांना पुंजारामांच्या तोंडून 'लाभ' ऐकल्याशिवाय राशीला हात लावू द्यायला आवडत नसे. त्यांचा आवाज पार रेल्वेच्या फलाटापर्यंत जायचा म्हणे.

"आनि आता बगा," भागूबाई म्हणाली. "म्हना ओ. बाईला दाखवा."

पुंजारामांनी गज दोन्ही हातांनी धरले. छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, मानेच्या शिरा फुगल्या. आणि सायकलच्या नळीतून हवा जावी तसा नुसता वारा निघाला. 'लाभ' होतं त्यात, पण ते ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं. त्यांनी परत प्रयत्न केला. मग मान फिरवली आणि उपरण्यानं तोंड पुसलं, जणू काही झालंच नाही.

उमाबाई उठल्या आणि त्यांनी खण ओढला. लख्ख उजेड माझ्या अंगावर पडला.

मला भिंगाखाली घेतलं. ह्या वेळी त्या घाईनं पेशींचे चेहरे बघत नव्हत्या. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, वरून खाली, परत खालून वर, काहीतरी शोधत होत्या. डबा तसाच राहिला. बऱ्याच वेळानं त्या मागं टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, "अगं, तुला तळच नाही."

आठ महिन्यांनी कुणीतरी मला उद्देशून बोललं, आणि ते हे!

सांगते म्हणजे काय ते. घशाच्या आतल्या कातडीला वरचा थर असतो आणि खाली मांस. वाढ साधी आहे की घातकी, हे कधी कधी वरून कळतच नाही. वाढीचा पाय मांसात कसा टेकलाय, ते बघावं लागतं. सांडूनं तुकडा आडवा बसवल्यामुळं काप निघाला तो वरवरचा. माझ्यावर होता नुसता वरचा थर, सगळा साळसूद. तळ राहिला मेणाच्या ठोकळ्यात, कपाटाच्या खालच्या फडताळात.

मी खोटं बोलले नव्हते हो. जे माझ्यावर होतं तेच दाखवलं. पण अर्धं दाखवलं आणि पुऱ्याचा तोरा मिरवला. आठ महिने मी खणात खुशीत बसले होते आणि तिकडं ह्या माणसाचा आवाज जात होता. शरमेनं काच काळी पडत नाही, म्हणून वाचले.

"सांडू, ४१२चा ठोकळा काढ. मेण वितळव, तुकडा उभा करून परत बसव. कडेवर उभा."

सांडू गोंधळला. "मॅडम, मी नऊ वर्षं असेच ठोकळे करतो. तुमीच म्हणता, सांडूचे ठोकळे बघत राहावं."

"हो, मीच म्हणत होते. सांगायचं मी होतं, उभा की आडवा ते. सांगितलं नाही. तुझं काही चुकलं नाही, तू उभा कर."

ती दोघं तोवर सायकल स्टँडवर बसून होती. भागूबाईनं भाकरी सोडली, पुंजारामांना कुस्करून दिली. दुपार कलली तेव्हा माझी नवी बहीण तयार झाली. उमाबाईंनी तिला भिंगाखाली सरकवलं आणि लगेच म्हणाल्या, "हं."

तिच्यावर सगळं होतं. वर खरबरीत शिखरं आणि खाली तळ. तळाशी त्याच शहाण्या पेशी, पण त्यांचे जाड, गोलसर पाय सगळे मिळून मांसाला खाली रेटत होते. कुणी रांग सोडली नव्हती. अख्खी रांगच शेजाऱ्याच्या हद्दीत सरकत होती. कर्करोगच तो, पण विरळा, चामखिळीच्या जातीचा. पुस्तकात व्हेरुकस म्हणतात. उमाबाईंनी तो पुस्तकातच पाहिला होता, काचेवर कधी नाही.

त्यांनी आम्हा दोघींना कोटाच्या खिशात घातलं आणि जिना चढल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा. वर सदाशिवराव हात धूत होते.

"कॅन्सर आहे ना? मग झालं तर," सदाशिवराव म्हणाले. "वाढ एका स्वरपट्टीवर आहे. मुंबईला पाठवू, किरणांचा शेक घेईल. नाहीतर अख्खं स्वरयंत्र काढून टाकू. मानेला भोक, जीव तर वाचेल."

"नुसतं कॅन्सर म्हणू नका. नाव पुरतं ऐका." उमाबाई म्हणाल्या. मी त्यांच्या खिशात होते ना, सगळं ऐकत होते. "ही जात गाठींत पसरत नाही, अंगभर फिरत नाही. जागच्या जागी रेटते. शेक दिला तर कधी कधी बिथरते, असं लिहिलंय. तेवढी वाढ तळासकट काढा. दुसरी स्वरपट्टी, बाकीचा गळा, सोडा. हा माणूस आवाजावर जगतो."

"आणि तुमचं चुकलं तर?"

"एकदा चुकलंच आहे माझं."

सदाशिवरावांनी नळ बंद केला. माणूस वाईट नव्हता. "असं करा," खालच्या आवाजात म्हणाले. "जुना कागद काढून टाका. नवीन तुकडा घेतला, त्यात हे दिसलं, असं लिहा. खेड्यातली माणसं आहेत, खामखा कशाला तुमच्या नावाला बट्टा?"

उमाबाई खाली आल्या. टेबलाशी बसून त्यांनी लिहिलं: पहिला अहवाल चुकीचा होता. काप वरवरचा होता, तळ पाहिला नव्हता. चूक माझी. आणि खाली सही ठोकली. मग कागद सांडूच्या हाती न देता स्वतः सायकल स्टँडवर गेल्या. मी अजून खिशातच होते, कड तेवढी बाहेर डोकावत होती.

भागूबाई ऐकून घेत होती तोवर ठीक होतं. मग तिचा बांध फुटला. "आवो बाई, तुमचा कागद आमी देव्हाऱ्यात ठिवला! रोज हळदकुंकू वाह्यलं त्याला! सगळ्या बाजारात गूळ वाटला ह्यांनी, आनि तुमी आता म्हनता चूक झाली?"

उमाबाईंनी खाली बघितलं. "हो," एवढंच म्हणाल्या. "आठ महिने तुमचे माझ्यामुळं गेले."

पुंजारामांनी बायकोचा पदर ओढला. ती बडबडतच होती, त्यांनी परत ओढला. मग उमाबाईंकडं बघून गळ्याशी दोन बोटं कात्रीसारखी चालवली आणि भुवया उडवल्या. कापायचं का, असं विचारत होते. उमाबाईंनी होकाराची मान हलवली. पुंजारामांनी मग दोन बोटं ओठांशी नेली आणि हात पुढं केला. आवाज निघेल का, हा दुसरा प्रश्न. "थोडा तरी राहावा म्हणून धडपडतेय," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरले. माणसांसमोर त्या रडलेल्या मी तेव्हाच पाहिल्या.

आठ दिवसांनी सदाशिवरावांनी ती वाढ काढली, तळासकट, उमाबाईंनी सांगितली तेवढीच. काढलेला तुकडा खाली आला तेव्हा उमाबाईंनी सांडूला बाजूला केलं आणि स्वतःच्या हातानं तो उभा बसवला. चारी कडा स्वच्छ निघाल्या, म्हणजे रोग मागं उरला नव्हता. त्या दिवशी त्यांनी डबा खाल्ला, अर्धाच, पण खाल्ला.

पंधरा दिवस पुंजारामांना बोलायला बंदी होती. पुढं दीड महिन्यानं, सकाळच्या रेल्वेच्या लहान लाइनीच्या गाडीनं उतरून ते सरळ खिडकीशी आले. भागूबाई मागं, ह्या वेळी तीच गप्प. पुंजारामांनी गज धरले.

"लाभ," ते म्हणाले.

जाडाभरडा, खरखरीत, जात्यातून आल्यासारखा. रेल्वेच्या फलाटापर्यंत नाही, सायकल स्टँडच्या पलीकडंही गेला नसता. पण आवाज होता, माणसाचा.

उमाबाई खुर्ची सरकवून गजाशी आल्या.

"आता तुमी म्हना, बाई," पुंजाराम म्हणाले. "मापाड्याला साथ दिली नाय तर माप फुडं जात नाय."

"दोन," उमाबाई म्हणाल्या.

"तीन."

"चार."

असं वीसपर्यंत गेलं. सांडू कापाचं यंत्र थांबवून ऐकत होता. भागूबाई हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. जाताना ती म्हणाली, "बाई, त्या दिशी लई बोलले. मनात ठिवू नका."

"ठेवणार," उमाबाई म्हणाल्या. "ठेवायला पाहिजे."

आणि त्यांनी खरंच ठेवलं. मला परत खणात टाकलं नाही. माझी नवी बहीण कॉलेजच्या शिकवायच्या पेटीत गेली. शेकडो पोरं-पोरी तिला बघून डॉक्टर झाली, तिचे फोटो निघाले, तिची ऐट विचारू नका. मला कोण नेणार? मी चुकीची काच. मी उमाबाईंच्या टेबलावर, मायक्रोस्कोपच्या पायाशी टेकून. पण 'कर्करोग नाही' असं लिहिण्याआधी त्या दर वेळी मला उचलायच्या, क्षणभर बघायच्या, मग विचारायच्या, "सांडू, तळ आला का?" कधी स्वतः वर जाऊन पेशंटला बघून यायच्या. त्या एका प्रश्नानं किती जण वाचले असतील, मला नाही माहीत.

पुंजाराम दर वर्षी यायचे. नवी ज्वारी बाजारात आली की एक दिवस गाडी धरायची, गजाशी उभं राहायचं, 'लाभ' म्हणायचं. वीसपर्यंत माप, मग राम राम. बाजारात आता ते पुकारत नसत, तेवढा आवाज उरला नव्हता. वर्षातून एकदा, ह्या खिडकीशीच त्यांचं माप व्हायचं. मधे यमुनाबाई गेल्या. सांडू सेवानिवृत्त झाला. लहान लाइन जाऊन मोठी आली. पण ज्वारीच्या दिवसांत उमाबाई डबा खाताना खिडकीकडं तोंड करून बसायच्या. बावीस वर्षं हा माणूस त्यांच्याकडं येत होता, आणि दुसरं कुणी येत नव्हतं.

तेविसाव्या वर्षी भागूबाई एकटीच आली.

"गेले," ती म्हणाली. "जेवून पडले, ते उठलेच नाय. गळा मात्र साफ व्हता बरं का, बाई. त्या दिशी सकाळी बी माझ्यासंगं भांडले, चहात साखर कमी म्हणून. चांगले तोंडानं भांडले."

उमाबाईंनी मला हातात घेतलं होतं. भागूबाईनं विचारलं, हे काय. उमाबाईंनी मला गजातून तिच्या हातात दिलं, दाखवलं, हा गुलाबी ठिपका. भागूबाईनं त्यावर अंगठा ठेवला. मला ठसा उमटला, पण त्या वेळी मला राग आला नाही. तिनं पदराच्या टोकानं तो पुसला. मग मला परत देत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. घरी लेकरांच्या हातून फुटंल."

त्यानंतर तीन वर्षांनी उमाबाई निवृत्त झाल्या. येताना त्यांनी दवाखान्यातून रीतसर विचारून एकच वस्तू घरी आणली.

आता आम्ही स्टेशन रोडच्या मागच्या गल्लीत राहतो, तळमजल्यावर. खिडकीतून वाळूजच्या कंपन्यांच्या बसगाड्या जाताना दिसतात. सकाळी आवडाबाई येते, कानाला फोन लावून भांडी घासते, फोनवर बोलत बोलतच निघून जाते. मग दिवसभर घरात शब्द नाही. उमाबाई सत्त्याहत्तर वर्षांच्या झाल्या. डोळ्यांत मोतीबिंदू. माझाही रंग उडत चाललाय, निळं आधी गेलं, गुलाबी तेवढं उरलंय. त्यांना मी नीट दिसत नाही आणि मला वाटतं, बरंच आहे.

कधी दूधवाला काही विचारतो आणि उमाबाईंच्या तोंडून पहिल्यांदा नुसता वाराच निघतो. न बोलून बोलून गळा गंजलाय त्यांचा. अशा दिवशी त्या मला उचलतात, खिडकीच्या उजेडात धरतात, घसा खाकरतात आणि म्हणतात, "लाभ."

मग थांबतात.

बस जाते. कुणाचा तरी हॉर्न वाजतो. उमाबाई थांबलेल्याच असतात, मान जराशी वाकडी करून.

मला ऐकू येतं हो! त्या माणसाच्या गळ्याचा ह्या घरात उरलेला तेवढाच तुकडा माझ्या पोटाशी आहे. पण मी काच. मला त्यांना ऐकू जाईल असं 'दोन' म्हणता येत नाही. एकदा गप्प राहून मी एका माणसाचे आठ महिने घालवले, आणि आता इथं रोज गप्प राहतेय.

तुम्ही कधी आमच्या गल्लीतून गेलात, आणि खालच्या खिडकीतून एक म्हातारी 'लाभ' म्हणताना ऐकलीत, तर पुढं जाऊ नका. क्षणभर गजाशी थांबा. मोठ्यानं नको, साध्या आवाजात म्हणा.

नुसतं 'दोन' म्हणा.